जलमार्ग क्रमांक चार, वरचं टोक नाशिक

नाशिक हे एका राष्ट्रीय जलमार्गाचं वरचं टोक आहे. होय, आपलं नाशिक! जिला आपण नुसतं ‘गंगा’ म्हणतो, जिच्या काठावर बुधवारचा बाजार भरतो, ती गोदावरी संसदेच्या कायद्यानं नौकानयनाचा रस्ता ठरलेली आहे. राष्ट्रीय जलमार्ग कायदा 12 एप्रिल 2016 पासून अमलात आला. त्याच्या यादीत देशभरातले 111 जलमार्ग आहेत, आणि चौथ्या क्रमांकाच्या जलमार्गात एक टप्पा आहे: भद्राचलम ते नाशिक, 1,184 किलोमीटर.

हे वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. चहाच्या टपरीवर सांगून झालं, सोसायटीत सांगून झालं. “गंगेवर जहाज? उन्हाळ्यात तर मोटारसायकल जाते हो पात्रातून,” हे सगळ्यांचं पहिलं वाक्य. खरंच आहे ते, आणि त्या प्रश्नाकडे मी येणारच आहे. पण आधी हा रस्ता कुठून कुठे जातो ते तर बघा!

खालच्या टोकापासून सुरू करतो. पुद्दुचेरीच्या उत्तरेला कलुवेली नावाचा मोठा उथळ जलाशय आहे. तिथून मरक्काणम, आणि मरक्काणमपासून चेन्नईपर्यंत समुद्राला समांतर जाणारा दक्षिण बकिंगहॅम कालवा, 110 किलोमीटर. चेन्नईपासून वर आंध्रातल्या पेद्दगंजामपर्यंत उत्तर बकिंगहॅम कालवा, 316 किलोमीटर. मग 113 किलोमीटरचा कोम्मामूर कालवा विजयवाड्याला कृष्णेच्या काठावर आणून सोडतो. कृष्णा ओलांडली की एलुरू कालवा, 139 किलोमीटर, थेट गोदावरीपर्यंत. तिथून काकीनाड्याला जाणारा 50 किलोमीटरचा फाटा. कृष्णेचा वझिराबादपर्यंतचा तुकडा आणि गोदावरीचा राजमहेंद्रीपासून भद्राचलमपर्यंतचा तुकडा धरला की 1,078 किलोमीटर भरतात. इतका मार्ग 2008 मध्येच जाहीर झाला होता. 2016 च्या कायद्यानं त्याला वर दोन लांब हात जोडले. एक कृष्णेवरून कर्नाटकातल्या गलगलीपर्यंत, 628 किलोमीटर, आणि दुसरा आपला. बेरीज 2,890. मी ती कागदावर मांडून पाहिली, आणि एकूण आकडा अगदी बरोबर जुळल्यावर मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही.

यातले खालचे कालवे म्हणजे कागदावरच्या रेघा नव्हेत. त्यांवरून पिढ्यानपिढ्या भात, मीठ, सरपण आणि माणसं गेलेली आहेत. बकिंगहॅम कालव्याचा पहिला तुकडा 1806 चा, चेन्नईपासून एन्नोरपर्यंतचा. 1877-78 च्या भीषण दुष्काळात, म्हणजे ज्या दुष्काळानं आपलं दख्खनही पोळून काढलं त्याच दुष्काळात, मद्रास इलाख्यानं दुष्काळी काम म्हणून माणसं लावून उरलेले तुकडे जोडून घेतले. तेव्हाचे गव्हर्नर बकिंगहॅमचे ड्यूक, त्यांचं नाव कालव्याला मिळालं.

आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातले कालवे ही तर आर्थर कॉटन यांची करणी. 1847 ते 1852 या काळात त्यांनी राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरम इथे गोदावरीवर बंधारा घातला. नदी तिथे इतकी रुंद आहे की मधल्या बेटांचा आधार घेत तो चार तुकड्यांत बांधावा लागला. पाणी शेताला द्यायचं, आणि त्याच कालव्यातून नावही न्यायची, ही त्यांची दुहेरी योजना. आज आंध्रातले शेतकरी गावोगावी त्यांचे पुतळे उभारतात, हार घालतात. एका इंग्रज इंजिनिअरला मिळालेलं असं प्रेम मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

नदीपेक्षा कालव्याची पातळी वेगळी, मग नाव एकीतून दुसऱ्यात जाते कशी? इथे लॉक नावाची युक्ती येते, आणि ती समजून घेताना मी अक्षरशः उठून उभा राहिलो. दोन दारांच्या मध्ये दगडी भिंतींची एक लांबट खोली. नाव खालच्या पातळीवरून आत येते. तिच्या मागचं दार लागतं. मग वरच्या दारातली छोटी झडप उघडतात आणि वरचं पाणी खोलीत शिरू लागतं. पंप नाही, इंजिन नाही. पाणी चढतं तशी नाव चढते, भिंतीवरची शेवाळी ओल हळूहळू पाण्याखाली जाते, आणि आतली पातळी बाहेरच्या पातळीला भिडली की वरचं दार माणसाच्या जोरानं उघडतं. दाराच्या दोन पाकळ्या मुद्दाम वरच्या पाण्याकडे टोक करून मिटवलेल्या असतात, म्हणजे पाण्याचा दाब जितका जास्त तितक्या त्या एकमेकींना घट्ट धरतात. पाण्याचं वजनच पाण्याला अडवतं! उतरताना हाच क्रम उलटा. जगात सगळीकडे हेच तत्त्व. 1914 मध्ये सुरू झालेला पनामा कालवा हजारो टनांची जहाजं 26 मीटर उचलतो ती याच जोरावर.

आता गोष्ट महाराष्ट्रात येते, आणि तिचा हा भाग आपल्या शाळेच्या पुस्तकात का नाही, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

धवळेश्वरम झाल्यावर कॉटन थांबले नाहीत. त्यांची नजर वर गेली, नदीच्या उगमाच्या दिशेनं. वर्ध्याच्या खोऱ्यात, हिंगणघाटच्या बाजूला उत्तम कापूस पिकत होता. तो मुंबईला जायचा बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून, महिनेच्या महिने, धूळ खात. कॉटन म्हणाले, नदी आहे ना! वर्धा नदी, ती वैनगंगेला मिळून होणारी प्राणहिता, प्राणहिता मिळते ती गोदावरी, आणि गोदावरी समुद्रापर्यंत. ते नकाशावर बोट ठेवून पाहा, किती सरळ वाट आहे! अडचण फक्त तीन ठिकाणी, जिथे पात्रात कातळाचे पट्टे आडवे येतात. त्यांना त्या काळी बॅरिअर म्हणत. पहिला अडथळा भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला, तिसरा प्राणहितेवर देवलमरीला. देवलमरी आज गडचिरोली जिल्ह्यात, अहेरी तालुक्यात आहे. प्रत्येक ठिकाणी बंधारा घालायचा, बाजूनं कालवा खणायचा, कालव्यात लॉक बसवायचे, आणि नाव कातळाला वळसा घालून वर न्यायची.

या एका बेतासाठी राज्यांच्या सीमा हलल्या. डिसेंबर 1860 मध्ये इंग्रजांनी निजामाशी तह केला. त्यात निजामानं गोदावरी आणि वैनगंगेच्या डाव्या तीरावरचा मुलूख इंग्रजांना दिला आणि गोदावरीवरची वाहतूक जकातमुक्त करायला मान्यता दिली. त्याच तहात धाराशिव आणि रायचूर दोआब निजामाकडे परत गेले. म्हणजे बघा, मराठवाड्यातला एक अख्खा जिल्हा ज्या व्यवहारात निजामाकडे परतला, त्याच व्यवहारात नदीवरून नावा चालवण्याचं कलमही होतं! डाव्या तीरावरच्या मुलखाचा ‘अप्पर गोदावरी’ नावाचा जिल्हा झाला, आणि त्याचं मुख्य ठाणं सिरोंचा.

सिरोंचा! गडचिरोली शहरापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास, राज्याच्या पार दक्षिणपूर्व टोकाला, जिथे बाजारात तेलुगू ऐकू येते आणि पलीकडच्या तीरावर तेलंगणातलं काळेश्वर दिसतं. सिरोंचा महाराष्ट्रात का, असा प्रश्न मला नेहमी पडायचा. उत्तर हे आहे. नावांचा रस्ता हवा म्हणून तो मुलूख निजामाकडून घेतला गेला. 1874 मध्ये अप्पर गोदावरी जिल्हा मोडला, तेव्हा भद्राचलमकडचा भाग मद्रास इलाख्यात गेला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यात आला. चांदा मध्य प्रांतातून मध्य प्रदेशात, 1956 मध्ये मुंबई राज्यात, आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. 1982 मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि सिरोंचा त्यात गेला. आपल्या राज्याच्या नकाशाचं ते खाली ओघळलेलं टोक एका अपुऱ्या राहिलेल्या जलमार्गानं आखलेलं आहे. हे कळल्यावर मी महाराष्ट्राचा नकाशा वेगळ्याच डोळ्यांनी बघायला लागलोय.

काम मात्र फार मोठं होतं. हेग नावाच्या इंजिनिअर अधिकाऱ्यानं नदीची पाहणी करून दुम्मागुडेमचं काम अंगावर घेतलं. घनदाट जंगल, हिवतापाचा मुलूख, पावसाळ्यात पूर आणि इतर वेळी मजुरांचा तुटवडा. तरी दुम्मागुडेमला बंधारा उभा राहिला, कालवा खणला गेला, लॉक बांधले गेले. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरला कापूस मिळेना, आणि वर्ध्याच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा तर या योजनेला भलताच जोर चढला.

आणि मग तिला हरवलं कुणी? नाशिकनं! म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या हद्दीवरच्या घाटानं. कसाऱ्याचा थळघाट चढून 1 जानेवारी 1865 ला जीआयपी रेल्वेचा रस्ता इगतपुरीला सलग जोडला गेला. रेल्वे पुढे भुसावळवरून वऱ्हाडात शिरली, 1867 मध्ये नागपूरला पोचली. वर्ध्याचा कापूस आता काही दिवसांत मुंबईच्या गोदीत पडू लागला. पावसाळ्यावर अवलंबून असलेल्या, तीन ठिकाणी अडलेल्या नदीची वाट कोण बघणार? 1871 मध्ये लाखो पौंड खर्चून झालेलं काम सोडून देण्यात आलं. कॉटन मात्र 1899 मध्ये जाईपर्यंत रेल्वेपेक्षा कालवे बरे, हेच सांगत राहिले. मला त्यांचं सगळंच पटतं असं नाही. घाटमाथ्यावरच्या मुलखाला रेल्वेच हवी होती, आणि नाशिकच्या द्राक्षाला, कांद्याला पुढे तिनंच जगाचा बाजार दाखवला. पण त्यांचा एक मुद्दा मला अजून बिनतोड वाटतो: नाव पाणी पीत नाही. ती पाण्यावरून जाते आणि पाणी पुढे शेतासाठी शिल्लकच राहतं.

2016 च्या कायद्याच्या यादीत गोदावरीसोबत पैनगंगा-वर्धा आणि वैनगंगा-प्राणहिता हेही जलमार्ग आहेत. कॉटन यांनी बोटानं दाखवलेली वाट जवळपास जशीच्या तशी! कायदा लिहिणाऱ्यांसमोर ते जुने नकाशे होते की नाही, याच्याशी मला देणंघेणं नाही. नद्याच तशा वाहतात, आणि दीडशे वर्षांच्या अंतरानं दोन्ही वेळा माणसांना त्यांत रस्ता दिसला, याचंच मला अप्रूप वाटतं.

आता उन्हाळ्यातली मोटारसायकल. नाशिकला आपण पूर मोजतो तो दुतोंड्या मारुतीवर. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, हीच आपली मोजपट्टी. आणि तोच मारुती मे महिन्यात कोरड्या फरशीवर उभा असतो. बारमाही नाव चालवायची तर बारमाही खोली हवी. शिवाय उतार आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून जास्त उंच, आणि पैठणच्या नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, पूर्ण पातळी 464 मीटरच्या आसपास. म्हणजे पहिल्याच टप्प्यात जवळपास शंभर मीटरचा फरक, पनामाच्या चौपट. वाटेत नांदूर मधमेश्वरचा बंधारा, मग दहाएक किलोमीटर लांब भिंतीचं जायकवाडी, नांदेडचं विष्णुपुरी, बाभळी, तेलंगणातलं श्रीरामसागर, मेडिगड्डा. खाली जलमार्ग चारवरचं काम सुरू झालं तेही कृष्णेवर, मुक्त्याला ते विजयवाडा या तुकड्यात. पण माझ्यासाठी हे सगळं त्या रस्त्याचं वर्णन आहे. घाट लागतो म्हणून मुंबई-आग्रा रस्त्याला कुणी रस्ता म्हणायचं थांबलंय का?

हा रस्ता पाहायला मी नांदूर मधमेश्वरला गेलो, कारण नाशिकहून खाली निघालेल्या नावेला पहिला मोठा अडथळा तिथेच लागेल. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा बंधारा. पक्ष्यांसाठी सगळे जातात तिथे, आणि जावंच. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ आहे ते. मी मात्र पाखरांकडे पाठ करून कालव्याच्या तोंडाशी उभा राहिलो. काळ्या दगडाचं बांधकाम, वर फिरवायची चाकं, खाली लोखंडी दारं. दाराच्या अलीकडे पाणी गढूळ आणि संथ, त्यावर पाणवेलीचे पुंजके एकमेकांना ढुशा देत थांबलेले. दाराच्या पलीकडे तेच पाणी फेसाळत उसळतं, दहाएक पावलांत शांत होतं आणि पाटाच्या काटेकोर कडांमधून शिस्तीत चालू लागतं. डावा कालवा सुमारे 90 किलोमीटर, उजवा सुमारे 110, निफाड-सिन्नरकडून कोपरगाव-राहात्याकडे. वरून त्यांना पाणी पुरवतं इगतपुरी तालुक्यातलं दारणा धरण, 1916 मध्ये पुरं झालेलं. ‘आवर्तन सुटलं’, म्हणजे कालव्याला पाण्याची पाळी सुटली, या दोन शब्दांवर त्या पट्ट्यातल्या कित्येक घरांचं वर्ष ठरतं.

हे कालवे फक्त सिंचनासाठी खणले. त्यांत लॉक नाहीत, नावा जायच्या नाहीत. पण तिथे उभं राहून मला पहिल्यांदा नीट उमगलं की कालवा म्हणजे काय. नदी उताराच्या मर्जीनं जाते. कालव्याला मात्र माणूस किलोमीटरमागे अगदी थोडा उतार देऊन, टेकडीच्या कडेकडेनं, ओढ्यांच्या वरून नाहीतर खालून नेतो. उतार जरा जास्त झाला तर कडा खचतात, जरा कमी झाला तर गाळ बसतो. दुर्बिणी नि लेव्हलच्या पट्ट्या घेऊन उन्हातान्हात हे साधलेल्या माणसांबद्दल मला इतका आदर वाटला की तिथल्या पाटकऱ्यांना मी प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. “कालव्यात एवढं काय बघताय दादा?” असं म्हणत त्यांनीच मला पुढच्या चारीपर्यंत चालवत नेलं, शेताला पाणी सोडायचं तोंड, म्हणजे मोगा, कसा उघडतात ते दाखवलं, आणि पाळी चुकली की काय भांडणं होतात तेही सांगितलं.

आपल्या जिल्ह्याचं नावांशी नातं तसं जुनंच आहे. पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. दुसऱ्या शतकातला. त्यात त्याच्या दानधर्माची यादी आहे, आणि त्या यादीत त्यानं पारदा, दमणा, तापी, डहाणुका अशा नद्यांवर लोकांसाठी फुकट होड्या ठेवल्याचं कोरलेलं आहे. सार्वजनिक जलवाहतूक, नाशिकच्या दगडात! लेणी बघायला आलेल्या माणसांना मी आता तिथे थांबवून हेच आधी दाखवतो.

आणि 2016 म्हटलं की आणखी एक नाव येतं. ज्या वर्षी नाशिक जलमार्गाचं टोक झालं, त्याच वर्षी चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्यानं वल्ही मारत उतरला. कायम पाण्याची टंचाई असलेल्या गावातला, विहिरी खोदायच्या कामावर गेलेला मुलगा, सैन्यात जाऊन रोइंग शिकला आणि देशासाठी नाव वल्हवू लागला.

आता मला दुम्मागुडेम बघायचंय. बंधारा तिथे अजून आहे, कालवा आणि लॉकही आहेत. डिसेंबरात पाणी उतरलेलं असेल, कातळ उघडा पडलेला असेल, म्हणजे कॉटन यांना काय दिसलं असेल ते नीट कळेल. नाशिकहून रेल्वेनं बल्लारशा, पुढे एसटीनं अहेरी, वाटेत देवलमरी, मग सिरोंचा, प्राणहितेचा पूल आणि खाली भद्राचलमच्या दिशेनं. सिरोंचाला मुक्काम करायचाच. प्राणहिता आणि गोदावरी जिथे मिळतात तिथे जायचं. वर्ध्याचा कापूस ज्या वाटेनं यायचा होता ती वाट आणि त्र्यंबकहून आलेलं आपलं पाणी तिथे एकत्र येतं. सोबत यायला कुणी तयार असेल तर लगेच कळवा, बल्लारशाची तिकिटं लवकर संपतात.